आधी उपचार, मग पैसे

रात्री दोन वाजता छातीत कळ आली, की घरात एकच धांदल उडते : “मोठ्या हॉस्पिटलला न्या!” मग रिक्षावाला किंवा खासगी रुग्णवाहिकेचा चालक दाखवील त्या दारात रोगी पोचतो. तिथे या घटकेला हृदयरोगाचा डॉक्टर आहे का, सरकारी खर्चानं उपचार देणारी महात्मा फुले योजना चालते का, हे विचारायची उसंत कुणाला नसते. बिलाचा आकडा बहुतेक वेळा इथेच ठरतो.

आणि हे दार नेहमीच योगायोगानं समोर येतं असं नाही. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांना 2013 साली पुण्यातल्या एका निदान केंद्राकडून 1,200 रुपयांचा धनादेश आला. एमआरआयसाठी रुग्ण पाठवल्याचं हे कमिशन! बावस्करांनी ते नाकारलं आणि वैद्यकीय परिषदेकडे तक्रार केली. अशा ‘कट प्रॅक्टिस’विरुद्ध राज्यात 2017 मध्ये कायद्याचा मसुदा झाला, पण कायदा झाला नाही. याचा जाब आमदारांना गावोगाव विचारायला हवा.

आणि प्रत्येक वेळी मोठं हॉस्पिटलच लागतं असंही नाही. याच बावस्करांनी सरकारी आरोग्य केंद्रात विंचूदंशाचे रोगी तपासता तपासता प्राझोसिन या स्वस्त गोळीची ताकद जगापुढे आणली. कोकणातल्या खेड्यात ज्या विंचवानं माणसं दगावत, त्यावरचा उतारा सरकारी केंद्रातून निघाला. सर्पदंशातही जवळच्या ग्रामीण रुग्णालयात प्रतिविषाचं इंजेक्शन लवकर मिळणं मोलाचं. शहर गाठेपर्यंत विष थांबून राहत नाही. कुत्रं चावलं तर रेबीजची लस सरकारी दवाखान्यात मोफत आहे.

अर्धांगाचं मात्र वेगळं. तिथे सीटी स्कॅनची सोय असलेलंच रुग्णालय हवं, कारण रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. स्वस्त म्हणून भलत्या ठिकाणी नेणंही महागात पडतं. 2014 पासून धावणारी 108 क्रमांकाची रुग्णवाहिका मोफत आहे आणि तिच्यात डॉक्टर असतो.

आता हक्काचं. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत 15 ऑगस्ट 2023 पासून उपचार निःशुल्क आहेत. धर्मादाय रुग्णालयांना उच्च न्यायालयानं 2006 मध्ये मंजूर केलेली योजना बांधील आहे : 10 टक्के खाटा निर्धनांना मोफत, 10 टक्के दुर्बल घटकांना सवलतीत. तातडीच्या रोग्याला ताबडतोब दाखल करून त्याची प्रकृती स्थिर होईपर्यंत जीव वाचवणारे उपचार द्यायचे, अनामत रक्कम मागायची नाही, हेही त्याच योजनेत लिहिलं आहे.

तरी मार्च 2025 मध्ये पुण्यातल्या एका धर्मादाय रुग्णालयानं गर्भवती बाईच्या घरच्यांकडे दहा लाखांची अनामत मागितली, असा आरोप झाला. ती पुढे दुसऱ्या रुग्णालयात दगावली. लोक रस्त्यावर उतरल्यावरच, तातडीच्या रोग्यांकडून यापुढे अनामत घेणार नाही, असं त्या रुग्णालयानं जाहीर केलं. नियम तर एकोणीस वर्षं जुना होता!

खासगी रुग्णालयांनी दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावावी, असा नियम राज्यानं 2021 मध्ये केला. ही दोन्ही नसतील तिथे नागरिकांनी महापालिकेकडे किंवा जिल्हा शल्यचिकित्सकांकडे लेखी तक्रार द्यावी आणि पोच घ्यावी. कोणत्या दवाखान्यात रात्री कोण डॉक्टर असतो, सीटी स्कॅन कुठे आहे, महात्मा फुले योजना कुठे चालते, याची यादी प्रत्येक सोसायटीनं, मंडळानं आणि ग्रामपंचायतीनं याच महिन्यात करून फलकावर लावावी.