घराचा हप्ता उसाच्या बिलाशी जुळतो का?



गळीत हंगाम उरकला, शेवटची बिले जमा झाली, की आमच्या गट कार्यालयात दोन विषय हमखास निघतात. एक खोडव्याचा आणि दुसरा घराचा. खोडव्याबद्दल आम्ही या पानावर वेळोवेळी लिहिले आहे. या खेपेस घराबद्दल लिहीत आहोत. ऊस विकास अधिकाऱ्याने घरकर्जावर कशाला बोलावे, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर असे, की हप्ता फेडायचा तो उसातूनच. कोणाचा ऊस कोणत्या महिन्यात तुटणार हे आमच्या नोंदवहीत असते. कर्ज देणाऱ्याच्या वहीत ते नसते.

मागे एप्रिलात एक सभासद कर्जाचे छापील पत्रक घेऊन आले. "साहेब, दर बघा की! ह्याच्यापेक्षा अर्धा टक्का कमी कुणाचाच न्हाई. देऊ का सही?" आम्ही विचारले, "आबा, हप्ता कधीपासून सुरू?" "पुढल्या म्हैन्यापास्नं." "आणि तुमची आडसाल कधी तुटणार?" आबा गप्प झाले. आडसाल तुटायला अजून आठ महिने होते. म्हणजे तोवरचे सगळे हप्ते कोठून तरी उसने आणून भरायचे! अर्ध्या टक्क्याचा फायदा त्या हातउसन्याच्या व्याजातच वाहून गेला असता.

आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे. पहिल्यांदा घर बांधणाऱ्याने कर्ज देणारा निवडताना आधी हप्त्याची वेळ पाहावी, मग दर कसा बदलतो ते पाहावे आणि पत्रकावरचा दर सर्वांत शेवटी पाहावा. बेणे निवडताना आपण नुसते शेजाऱ्याचे टनेज पाहतो काय? रान चोपण आहे की निचऱ्याचे, पाणी किती, तोड कधी, हे पाहूनच ८६०३२ लावायचा की २६५, ते ठरवतो. कर्जाचेही तसेच आहे. नोकरदाराला मानवणारे कर्ज शेतकऱ्याला मानवेलच असे नाही.

हप्त्याच्या वेळेला आम्ही एवढे महत्त्व का देतो? पीक कर्जाची थकबाकी पिकाच्या हंगामावर मोजतात. घरकर्जाला ती सवलत नाही. हप्ता ९० दिवसांहून अधिक थकला की खाते थकीत वर्गात जाते. त्यानंतर २००२ सालच्या सरफेसी कायद्याने ६० दिवसांची नोटीस देऊन, दिवाणी दावा न लावताही, घर ताब्यात घेण्याची कारवाई सुरू होऊ शकते. शेतजमीन त्या कायद्यातून वगळली आहे, घर वगळलेले नाही. सहकारी बँकांनाही हा कायदा वापरता येतो, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने ५ मे २०२० रोजी दिला आहे. तेव्हा "आपलीच बँक आहे, घेईल सांभाळून" या भरवशावर कोणी सही करू नये. काही बँका आणि गृहवित्त संस्था शेतकऱ्याला सहामाही किंवा वार्षिक हप्ता बांधून देतात. हे त्यांच्या पत्रकावर मोठ्या अक्षरात नसते. ते आपणच तोंड उघडून विचारावे लागते.

आता कर्ज देणारे कोण कोण, ते पाहू.

पहिली व्यापारी बँक, मग ती सरकारी असो की खासगी. १ ऑक्टोबर २०१९ पासून या बँकांना नवीन बदलत्या दराचे घरकर्ज बाहेरच्या मोजमापाशी, बहुधा रिझर्व्ह बँकेच्या रेपो दराशी, जोडावे लागते, आणि तीन महिन्यांतून एकदा तरी दर फेरतपासावा लागतो. रेपो उतरला तर आपला दरही उतरतो, त्यासाठी साहेबांच्या पाया पडावे लागत नाही. अडचण कागदांची. आयकराची विवरणपत्रे आणि निर्वेध मालकी यांवर त्यांची नजर कडक असते.

दुसरी गृहवित्त संस्था. हिचा माणूस बांधावर येतो, उत्पन्नाच्या पुराव्याबाबत थोडे समजून घेतो. पण हिला बाहेरच्या मोजमापाचे बंधन नाही. दर तिने स्वतः ठरवलेल्या पायावर चालतो, आणि पुष्कळदा बँकेपेक्षा चढा असतो.

तिसरी सहकारी बँक, जिल्हा मध्यवर्ती असो वा नागरी. उसाचे बिल म्हणजे काय हे तिला शिकवावे लागत नाही. रिझर्व्ह बँकेने जून २०२२ मध्ये सहकारी बँकांच्या घरकर्जाची मर्यादाही वाढवली. जिल्हा बँकेची नक्त मत्ता १०० कोटींच्या आत असेल तर एका कर्जदारास ५० लाख आणि त्याहून मोठ्या बँकेस ७५ लाख अशी ती ठरली. म्हणजे आता रक्कम ही अडचण राहिलेली नाही. बाहेरच्या मोजमापाचे ते बंधन मात्र सहकारी बँकेलाही नाही. म्हणून दर कोण बदलतो, केव्हा बदलतो आणि किती, हे लेखी घ्यावे.

चौथी गावातली पतसंस्था. ओळख आहे, कागद कमी, पैसा झटपट. पण पतसंस्था १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याखाली चालते, तिच्यावर रिझर्व्ह बँकेचे नियंत्रण नाही. कर्जदाराच्या बाजूचे जे नियम आम्ही पुढे सांगत आहोत, ते तिला लागू नाहीत. चार पत्रे बदलायला, न्हाणीघर बांधायला ती ठीक. वीस वर्षांच्या कर्जासाठी तिच्या दारात जाण्यापूर्वी दहा वेळा विचार करावा.

आणि पाचवी एक वाट आहे, ती तर मुळीच धरू नये. सोसायटीचे पीक कर्ज उचलायचे आणि त्यात पाया भरायचा! पीक कर्ज वेळेत फेडले तरच व्याजाची सवलत मिळते. पैसा भिंतीत गेला की खताला उरत नाही, खत चुकले की टनेज पडते, आणि मग सोसायटीही थकते व घरही अर्धवट राहते. अशी बिनस्लॅबची घरे आमच्या फेरीत आम्ही पाहतो.

आता दर बदलण्याचे पाहू. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या अवघ्या दहा महिन्यांत रेपो दर ४ टक्क्यांवरून ६.५ टक्क्यांवर गेला. समजा, कोणी १० लाख रुपये ७ टक्क्यांनी २० वर्षांसाठी घेतले. हप्ता झाला ७,७५३ रुपये. कर्ज नवे असतानाच दर अडीच टक्क्यांनी चढून ९.५ झाला, तर महिन्याचे नुसते व्याजच सुमारे ७,९०० रुपये होते. जुनाच हप्ता भरत राहिले तर व्याजही पुरे फिटत नाही, मुद्दल तर दूरच राहिले. पूर्वी असे झाले की गुपचूप मुदत वाढायची आणि कर्जदाराला पत्ताही नसायचा. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२३ मध्ये यावर नियम केला. दर वाढल्याने हप्ता वाढणार की मुदत, हे आता कळवावे लागते, आणि यातले काय पाहिजे ते निवडण्याची मुभा द्यावी लागते. असे पत्र आले तर ते फळीवर ठेवू नका. वाचा, नाहीतर शिकणाऱ्या पोराकडून वाचून घ्या.

शेतकऱ्याच्या सर्वांत फायद्याची गोष्ट मुदतपूर्व फेडीची. वैयक्तिक घरकर्ज बदलत्या दराचे असेल, तर मुदतीआधी रक्कम भरल्याबद्दल बँक किंवा गृहवित्त संस्था दंड घेऊ शकत नाही. १ जानेवारी २०२६ पासून मंजूर होणाऱ्या कर्जांना तर रिझर्व्ह बँकेने हा नियम अधिक स्पष्ट शब्दांत घालून दिला आहे. पैसा कोठून आणला हे विचारायचे नाही, आणि अमुक वर्षे भरताच येणार नाही अशी अटही घालायची नाही. याचा उपयोग हिशेबाने पाहा. १० लाख, ९ टक्के, २० वर्षे. हप्ता ८,९९७ रुपये. वीस वर्षांत एकूण २१ लाख ५९ हजार जातात. पहिल्या हप्त्यातले ७,५०० रुपये निव्वळ व्याजाचे असतात, मुद्दलातून जेमतेम दीड हजार कमी होतात. आता हेच कर्ज, पण दर हंगामाला बिल आले की ३० हजार रुपये जादा भरले. तर कर्ज २० ऐवजी १२ वर्षांत फिटते आणि एकूण पाच लाखांच्या आसपास वाचतात. अर्ध्या टक्क्यासाठी चार दारे हिंडणाऱ्याने हा हिशेब आधी करावा. मात्र जादा रक्कम भरताना "मुदत कमी करा" असे लेखी द्यावे, नाहीतर नुसता हप्ता कमी होतो आणि वर्षे तेवढीच राहतात.

सही करण्यापूर्वी एक कागद मागून घ्या. त्याला की फॅक्ट स्टेटमेंट म्हणतात. १ ऑक्टोबर २०२४ पासून बँका, सहकारी बँका आणि गृहवित्त संस्था यांना तो प्रत्येक वैयक्तिक कर्जाला द्यावाच लागतो, तोही कर्जदाराला समजेल अशा भाषेत. त्यात व्याज, प्रक्रिया शुल्क, कर्जाला जोडलेला विमा हे सगळे धरून वर्षाचा खरा दर दिलेला असतो. दोन ठिकाणांची तुलना त्या आकड्यावर करा. तो कागद दिल्यावर किमान तीन कामकाजाचे दिवस विचार करायला मिळतात. "आज सही केली तरच हा दर" असे कोणी म्हणाले, तर तेथून उठावे. कर्ज फिटल्यावर मूळ कागदपत्रे ३० दिवसांत परत द्यावी लागतात, उशीर झाल्यास दिवसाला ५,००० रुपये भरपाई, हाही नियम १ डिसेंबर २०२३ पासून आहे.

एक गोष्ट आमच्याही बाजूची आहे, ती लपवून ठेवणे बरे नव्हे. हप्ता बिलाशी जुळवा असे आम्ही सांगतो, पण बिल वेळेवर पडले तरच ते जुळणार. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस दिल्यापासून १४ दिवसांत रास्त दराची रक्कम द्यायची असते, उशीर झाला तर १५ टक्के व्याजासह. प्रत्येक हंगामात सगळ्यांच्या बाबतीत हे साधते, असे आम्ही छातीवर हात ठेवून म्हणणार नाही. पूर्वी बिल लांबले तर सभासद दुकानदाराला थांबवत असे. घराचा हप्ता थांबत नाही. म्हणून संचालक मंडळापुढे आमच्या दोन सूचना आहेत. बिलांच्या संभाव्य तारखा हंगामाच्या आरंभीच गट कार्यालयात लावाव्यात. आणि सभासदाने मागितल्यास मागील तीन हंगामांतील टनेज व मिळालेली रक्कम यांचा सही-शिक्क्याचा दाखला आठ दिवसांत द्यावा. ज्याच्याकडे पगाराची पावती नाही, त्याला बँकेच्या टेबलावर ठेवायला हा कागद उपयोगी पडेल. याला कारखान्याचा खर्च कितीसा येणार?

बाकी, घर हे आयुष्यात एकदाच बांधायचे. ऊस बिघडला तर मोडून दुसरा लावता येतो, कर्जाचा कागद बिघडला तर वीस वर्षे निस्तरावा लागतो. पत्रक हाती पडले की सही करण्याआधी गट कार्यालयात या. तुमची लागणीची तारीख आणि हप्त्याची तारीख शेजारी शेजारी ठेवून पाहू. चहा आमच्याकडे.

— ऊस विकास अधिकारी