शिवारांतील लहान यंत्रांची शिदोरी

सूर्यशक्तीचा विषय निघाला म्हणजे आपल्या जिल्ह्यांत बोलणें पंपावर येऊन थांबतें. तें स्वाभाविकहि आहे. विहिरीवरचा पंप चालला नाहीं तर मोसंबीची बाग वाळते, आणि २०१२-१३ च्या अवर्षणांत वाळलेल्या बागा आपण सर्वांनीं पाहिल्या आहेत. परंतु पंपाखेरीज दुसरीं कितीतरी लहान यंत्रें गेल्या कांहीं वर्षांत शिवारांत येऊन बसलीं आहेत, व त्यांच्या विजेचा विचार कोणी फारसा करीत नाहीं. पाठीवरचा बॅटरीचा फवारणीपंप, रोही व रानडुकरें यांस अडविणारें झटका-यंत्र, ठिबकाच्या नळीशेजारीं रोवलेला ओलाव्याचा मापक, महसूल मंडळांत उभें केलेलें स्वयंचलित हवामान केंद्र, या सर्वांस वीज लागते. आणि ज्या ठिकाणीं तीं काम करतात तेथें तारेची वीज बहुधा नसते. त्यांना आपली शिदोरी आपल्याबरोबरच बाळगावी लागते. ही शिदोरी कशी असावी, याविषयीं येथें थोडें लिहावयाचें आहे.

आमचें म्हणणें असें कीं, या यंत्रांस ऊन कमी पडत नाहीं, साठवण कमी पडते. ज्यानें शेततळें खोदलें आहे त्यास हें निराळें समजावून सांगावयास नको. कडवंचीस पाऊस कांहीं शेजारच्या गांवांपेक्षां निराळा पडत नाहीं. तेथें पाणलोटाचीं कामें झालीं, शेततळीं झालीं, म्हणून द्राक्षांच्या बागा उभ्या राहिल्या. विजेचेंहि तसेंच आहे. यंत्र विकत घेतांना सोलर प्लेट केवढी आहे तें आपण पाहतों, आणि तिच्या खालच्या पेटींत कोणती बॅटरी आहे हें विचारीत नाहीं.

प्रथम गरज किती तें पाहूं. हिशेबासाठीं असा एक ओलाव्याचा मापक धरूं कीं, जो दर दहा मिनिटांनीं जागा होतो, पांच सेकंदांत मोजणी करून ती रेडिओलहरींनीं जवळच्या ठाण्याकडे पाठवितो व पुन्हां झोंपी जातो. जागेपणीं त्यास साडेतीन व्होल्टच्या आसपासच्या दाबानें पन्नास मिलिअँपिअर प्रवाह लागतो. झोंपेंत त्याचा हजारावा भागहि लागत नाहीं. दिवसाच्या १४४ खेपा झाल्या तरी सारा खर्च ०.०४ वॉट-तास एवढाच होतो. उलट, दहा सेंटिमीटर लांब व तितकीच रुंद अशी तळहाताएवढी प्लेट स्वच्छ उन्हांत दीड वॉट देते, आणि मराठवाड्यांत दिवसास पूर्ण उन्हाचे पांच तास धरले तर साडेसात वॉट-तास हातीं येतात. म्हणजे गरजेच्या पावणेदोनशें पटींहून अधिक. आषाढ-श्रावणांत आभाळ दाटून उत्पन्न दहाव्या हिश्श्यावर आलें तरी तें पुरून उरावें.

मात्र हाच मापक मोबाइलच्या जाळ्यावर थेट संदेश पाठविणारा असेल तर हिशेब पालटतो. जाळें शोधण्यांत व जोडणी करण्यांत दर खेपेस अर्धें मिनिट गेलें आणि प्रवाह चौपट लागला असें धरलें, तर दिवसाचा खर्च ०.८६ वॉट-तासांवर जातो; वीसपटींहून अधिक. मग आभाळाच्या दिवसांत तीच प्लेट अपुरी पडते, आणि भार सारा साठवणीवर येतो. जेथें टॉवर दूर आहे, तेथें यंत्र जोडणीसाठीं वारंवार धडपडतें व खर्च आणखी वाढतो. विकणारा हा फरक आपण होऊन सांगत नाहीं. तो विचारून घ्यावा लागतो.

सौरघटाचें पहिलें व्यावहारिक काम शेतवस्तीच्याच वाट्यास आलें होतें, ही गोष्ट फारशी माहीत नाहीं. अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेनें १९५४ सालीं सिलिकॉनचा सौरघट जाहीर केला, आणि पुढच्याच वर्षीं, ऑक्टोबर १९५५ मध्यें, जॉर्जिया राज्यांतील अमेरिकस या गांवाजवळ खेड्याच्या टेलिफोनच्या तारेवर त्याची चाचणी घेतली. खांबावर सौरघट बसविले आणि त्यांच्या जोडीस साठवणीची बॅटरी दिली, कारण टेलिफोन रात्रींहि चालावयास हवा होता. योजना चालली, पण तेव्हांच्या किंमतींत परवडली नाहीं. आपल्या देशांत साहिबाबादच्या सेंट्रल इलेक्ट्रॉनिक्स या सरकारी कारखान्यानें १९७७ सालीं पहिला सौरघट तयार केला. तेव्हांपासून प्लेटीची किंमत इतकी उतरली आहे कीं लहान यंत्राच्या बाबतींत तिची काळजी करण्याचें कारण उरलें नाहीं. चांगल्या कांचेची प्लेट वीस-पंचवीस वर्षें चालते. वरची धूळ व पांखरांची घाण तेवढी पुसावी लागते. बॅटरीची गोष्ट अगदीं निराळी.

वैशाखांत आपल्याकडे पारा चाळीस अंशांच्या वर जातो. उन्हांत उभ्या असलेल्या बंद पेटीच्या आंतील उष्णता त्याहून पुष्कळच अधिक असते. शिसें व आम्ल यांच्या बॅटरीसंबंधीं जाणत्यांचा अनुभव असा कीं, पंचवीस अंशांच्या वर दर दहा अंशांमागें तिचें आयुष्य जवळजवळ निम्म्यानें घटतें. मोबाइलमध्यें असते त्या जातीची लिथियम बॅटरी पंचेचाळीस अंशांच्या वर तापली असतां भरूं नये, अशी सूचना ती करणारे कारखानदारच बहुधा देतात. आतां आपल्या शिवारांत काय होतें तें पाहा. ऊन कडक, प्लेट भरभरून वीज देत आहे, पेटी तापलेली, आणि नेमक्या त्याच वेळीं बॅटरी भरली जात आहे. थंड मुलखाच्या अंदाजानें केलेली पेटी येथें जशीच्या तशी रोवणें म्हणजे लोण्याचा गोळा चुलीशेजारीं ठेवणें होय. पेटी पांढरी असावी, ती प्लेटीच्या सावलींत परंतु प्लेटीस न चिकटतां असावी, खालून-वरून वारा खेळावा, आणि शक्य तेथें बॅटरी जमिनीलगत सावलींत ठेवून वायर तेवढी वर न्यावी. यास खर्च जवळजवळ कांहींच नाहीं.

फवारणीपंपाची बॅटरी मात्र उन्हानें कमी व उपासमारीनें अधिक मरते. कपाशीच्या फवारण्या संपल्या म्हणजे पंप गोठ्यांत खुंटीला लागतो. त्यांतील बारा व्होल्टची शिशाची बॅटरी तेव्हां अर्धीअधिक रिकामी असते, आणि तशीच सहा-सात महिने राहते. रिकाम्या बॅटरीच्या पट्ट्यांवर लेड सल्फेटचे कठीण खडे धरतात; पुढच्या मृगांत ती भरावयास लावली तर भरल्यासारखी दिसते आणि दोन टाक्यांत दम सोडते. मग बाजारांतून नवी आणावयाची, व दुकानदारास दोन शब्द सुनवावयाचे! पंप ठेवतांना बॅटरी पूर्ण भरून ठेवली आणि दर महिन्यास, पौर्णिमेची खूण धरून म्हणा, एकदां चार्जिंगला लावली, तर तीच बॅटरी आणखी हंगाम काढते. झटका-यंत्राच्या बॅटरीसहि हाच नियम लागू आहे. त्याचा झटका सेकंदास एखादा व क्षणमात्र असल्यानें त्यास वीज थोडी लागते. पण कुंपणाच्या तारेस गवत लागलें म्हणजे वीज जमिनींत जात राहते आणि बॅटरी रात्रभर रिकामी होत जाते. कुंपणाखालचें गवत काढणें हें विजेच्या साठवणीचेंच काम आहे.

नवें यंत्र घेतांना बॅटरीच्या जातीचा विचार करावा. लिथियमच्या जातींत लिथियम-आयर्न-फॉस्फेट ही आपल्या हवेस त्यांतल्या त्यांत मानवणारी. तितक्याच विजेसाठीं ती आकारानें थोडी मोठी होते, परंतु उष्णता अधिक सोसते, सहसा पेट घेत नाहीं, आणि जेथें मोबाइलच्या जातीची बॅटरी पांचशें-सातशें वेळां भरल्यावर थकूं लागते, तेथें ही दोन हजार वेळांपर्यंत व पुढेंहि चालते. हल्लीं सुपरकपॅसिटरचाहि बोलबाला आहे. तो लाखों वेळां भरला-रिकामा केला तरी झिजत नाहीं, हें खरें. पण त्याचें पोट लहान: २.७ व्होल्टच्या शंभर फॅरडच्या कपॅसिटरांत अवघी ०.१ वॉट-तास वीज मावते आणि तीहि सगळी उपयोगांत येत नाहीं. वर धरलेला काटकसरी मापक तीवर दोन दिवसहि जेमतेम निघेल. आठ दिवसांची झड लागली तर काय करावें? बॅटरीच्या जोडीस, संदेश पाठवितांना लागणारा एकदम मोठा झटका सोसण्यासाठीं तो चांगला. एकट्याच्या भरंवशावर राहूं नये.

येथें एक मत कांहींस पटणार नाहीं तें सांगून टाकतों. प्रत्येक यंत्रास प्लेट हवीच असें नाहीं. पाण्याच्या व गॅसच्या मीटरांत घालतात तो एकदांच वापरावयाचा लिथियम-थायोनिल-क्लोराइडचा मोठा सेल सुमारें ६८ वॉट-तास वीज घेऊन येतो व वर्षास तिच्यांतील शंभरावा भागहि आपोआप गमावीत नाहीं. आपला काटकसरी मापक त्यावर चार वर्षें सहज निघावा. दाट तुरींत किंवा मोसंबीच्या झाडाखालीं जेथें प्लेटीवर ऊनच पडत नाहीं, तेथें हाच उपाय बरा. शिवाय चोरास प्लेट दिसते, सेल दिसत नाहीं. हा सेल पुन्हां भरण्याचा प्रयत्न मात्र कधींहि करूं नये, तो फुटतो. मातींतील जंतूंपासून, कंपनांपासून, किंवा दिवस-रात्रींच्या उष्णतेच्या फरकापासून वीज काढण्याचे प्रयोगहि जगांत चालले आहेत. उष्णतेपासून वीज होते हें झीबेकनें १८२१ सालींच दाखविलें होतें. परंतु लहान यंत्रांत या मार्गांनीं हातीं येणारी वीज बहुधा मिलिवॉटांत किंवा त्याहूनहि खालीं मोजावयाची असते. आज तरी त्यासाठीं शेतकऱ्यानें पैसा गुंतवूं नये.

हें सर्व घरगुती काटकसरीचें झालें. परंतु एका यंत्राच्या बॅटरीवर साऱ्या मंडळाचा पैसा टांगलेला असतो. २०१७ पासून महावेध प्रकल्पांत राज्याच्या दोन हजारांहून अधिक महसूल मंडळांत स्वयंचलित हवामान केंद्रें उभीं राहिलीं. पाऊस, उष्णता, आर्द्रता व वारा यांची नोंद तीं दर दहा मिनिटांस करतात, आणि फळपिकांच्या हवामानावर आधारलेल्या विम्यांत भरपाई ठरते ती ठरलेल्या हवामान केंद्राच्या नोंदीवरून. मोसंबीच्या मृग बहारास पावसाचा खंड पडला कीं नाहीं, हें बागेंत जाऊन कोणी पाहत नाहीं. केंद्राची नोंद पाहतात. नोंद उपलब्ध नसेल तर पर्यायी केंद्राची नोंद घेण्याची तरतूद विम्याच्या नियमांत आहे. आतां आपल्याकडील पावसाची रीत सर्वांस ठाऊक आहे: ओढ्याच्या अलीकडे पडतो, पलीकडे पडत नाहीं. ऐन भाद्रपदांत एखाद्या केंद्राची बॅटरी दमली आणि शेजारच्या मंडळाचा पाऊस आपल्या नांवावर चढला, तर ज्याची बाग तहानली त्याच्या हातीं काय येणार? आणि तें का आलें नाहीं, हेंहि त्यास कधीं कळणार नाहीं.

याकरितां आमची मागणी अशी कीं, प्रत्येक केंद्राच्या नोंदीबरोबर त्याच्या बॅटरीचा व्होल्ट-दाबहि रोजच्या रोज प्रसिद्ध व्हावा. त्यास नवें यंत्र लागत नाहीं. नोंद ठेवणारीं अशीं बहुतेक उपकरणें आपल्या बॅटरीचा दाब स्वतःच मोजीत असतात. दाब उतरूं लागला कीं बंद पडण्याआधीं पुष्कळ दिवस तें दिसतें, आणि तलाठ्यास, कृषि सहायकास किंवा गांवच्या एखाद्या जागरूक तरुणास तक्रार करतां येते. केंद्र सरकारच्या विंड्स योजनेत आतां ग्रामपंचायतीपर्यंत स्वयंचलित पर्जन्यमापक नेण्याचा संकल्प आहे. यंत्रें जितकीं अधिक होतील तितकी ही अट आधींच घालून घेणें अगत्याचें.

कोणी म्हणेल, कंपनीचा माणूस येऊन दुरुस्ती करून जातो, आपण कशास डोकें घालावें? तो माणूस पुण्याहून किंवा छत्रपति संभाजीनगरहून येतो, आणि तो येईपर्यंत पाण्याची पाळी टळून गेलेली असते. म्हणून आपल्या संस्थेच्या खरेदी समितीनें डिंक लावून बंद केलेलें, ज्याची बॅटरी उघडून बदलतां येत नाहीं असें कोणतेंहि यंत्र सभासदांसाठीं घेऊं नये. सेल बाजारांत मिळणाऱ्या ठराविक मापाचा असावा आणि त्याची जात पेटीवर मराठींत लिहिलेली असावी. खरपुडीच्या कृषि विज्ञान केंद्रानें मनावर घेतलें तर गांवोगांवच्या दोन-दोन तरुणांस व्होल्टमीटर धरावयास व सेल बदलावयास एका दिवसांत शिकवितां येईल.

राहतां राहिला जुन्या बॅटरीचा प्रश्न. शिशाची बॅटरी भंगारवाला आनंदानें नेतो, कारण शिशास भाव आहे. लिथियमचा सेल तो घेत नाहीं, किंवा घेतला तर लोखंडांत टाकतो. आणि जालन्याच्या पोलादाच्या भट्ट्यांकडे जाणाऱ्या भंगारांत चेंगरलेला असा सेल पेट घेऊं शकतो. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनीं जुन्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. संस्थेच्या गोदामांत वजनकांट्याशेजारीं वाळू घातलेली एक पत्र्याची पेटी ठेवावी, सेलच्या टोकांस चिकटपट्टी लावून सभासदांनीं ते तींत टाकावे, आणि पेटी भरली म्हणजे ज्या कंपन्यांकडून संस्था माल घेते त्यांना ती उचलून नेण्यास लेखी कळवावें.