पिल्लू घरी येण्यापूर्वी

साताऱ्याजवळ कृष्णा आणि वेण्णा यांच्या संगमावर माहुली आहे. तेथे छत्रपती शाहू महाराजांच्या समाधीबरोबर त्यांच्या खंड्या नावाच्या कुत्र्याचेही स्मारक दाखवितात. शिकारीच्या वेळी या कुत्र्यामुळे महाराज वाघापासून वाचले आणि त्यांनी त्याला जहागिरीची सनद व पालखीचा मान दिला, अशी हकीकत आहे. इतिहासकार ग्रँट डफनेही तिची नोंद केली आहे. राजाच्या घरी पालखीची सोय होऊ शकते. व्यापारी श्रावकाच्या घरी मात्र प्रश्न पालखीचा नसून वाटीचा असतो. त्या वाटीत काय वाढायचे, हे ठरण्यापूर्वीच पुष्कळ घरांत पिल्लू येऊन दाखल होते.

घडते ते साधारण असे. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची अडत असलेले, तीन पिढ्या एकत्र नांदणारे घर डोळ्यांसमोर आणावे. नात पिल्लासाठी हट्ट धरते, तिचे वडील वाढदिवसाचे निमित्त साधून रुकार देतात आणि आजोबा नकार देतात. आजोबांचा नकार जुनाट म्हणून हसण्यावारी नेला जातो, येथेच पहिली चूक होते. स्वामी कार्तिकेयांच्या अनुप्रेक्षेत मांजर आदी हिंसक प्राणी पाळणे हे अनर्थदंडात गणले आहे. हेमचंद्राचार्यांनी श्रावकाला वर्ज्य सांगितलेल्या पंधरा कर्मादानांतही पैशासाठी कुत्री-मांजरे पोसणे येते. म्हणजे आजोबांच्या म्हणण्यास आधार आहे. दुसऱ्या बाजूला, वादीभसिंहांच्या क्षत्रचूडामणीतील जीवंधरकुमाराची कथाही याच परंपरेची आहे. मार खाऊन मरणासन्न झालेल्या कुत्र्याच्या कानात त्याने पंचनमस्कार मंत्र सांगितला आणि तो जीव सुदर्शन यक्ष झाला. या दोन्ही गोष्टी घरातील सर्वांनी एकत्र बसून बोलाव्यात. त्यातून निदान एवढे निष्पन्न व्हावे की, जोडी पाळून पिल्ले विकण्याचा विचार मनातही आणायचा नाही आणि ससा दिसताच धावणारे शिकारी वाणाचे कुत्रे हौसेने आणायचे नाही. सीमेपलीकडचे मुधोळ हाउंड कितीही देखणे असले, तरी त्याचा जन्मच धावण्यासाठी आणि पाठलागासाठी आहे. पेठेतील दोन खोल्यांत त्याची कोंडी होते. थंड मुलखातले हस्की सांगलीच्या उन्हाळ्यात ठेवणे, हे तर पैसे मोजून विकत घेतलेले पाप होय. रस्त्यावर आई गमावलेले गावठी पिल्लू आपल्या हवेला सरावलेले असते आणि त्याला घराची गरजही खरी असते. विकतचे घ्यायचेच असेल, तर 2017 च्या केंद्रीय नियमांनुसार आठ आठवड्यांच्या आतील पिल्लू विकता येत नाही, हे ध्यानात ठेवावे.

आता वाटीकडे वळावे. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत: बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. पर्युषणात ते दरवर्षी ऐकले जातात. परंतु पिल्लासाठी सामानाची यादी करताना ते कोणाला आठवत नाहीत, वास्तविक ती यादी त्यांच्यावरूनच करावयास हवी. अन्नपाननिरोध म्हणजे केवळ उपाशी ठेवणे नव्हे. वाढत्या जिवाला न पुरणारे अन्न देणे हेही त्याच वाटेचे आहे. आपल्याकडे दूध-चपाती कुस्करून दिली की कर्तव्य झाले असे मानतात. गाईम्हशीचे दूध बहुतेक पिल्लांना पचत नाही, हगवण लागते, आणि नुसत्या चपातीवर वाढलेल्या पिल्लाची हाडे कच्ची राहून पाय वाकतात. कुत्रा मांजरासारखा केवळ मांसावर जगणारा नव्हे. माणसाच्या सहवासात त्याला पिष्टमय अन्न पचविण्याची शक्ती लांडग्याहून पुष्कळ अधिक आली, असे 2013 मध्ये स्वीडनमधील शास्त्रज्ञांनी दाखवून दिले. त्यामुळे शाकाहारावर त्याला वाढविता येते. मात्र पिल्लाच्या वयात प्रथिने, कॅल्शियम आणि जीवनसत्त्वे यांचे माप पशुवैद्याकडून लिहून घ्यावे, अंदाजाने चालवू नये. पिल्लांसाठी पूर्ण शाकाहारी खाद्य मिळते. ते घेताना पिशवीवरील चित्र न पाहता घटकांची यादी वाचावी. चघळण्यासाठी म्हणून हाडाच्या आकाराची जी वस्तू विकतात, ती बहुधा जनावराच्या कातड्याची असते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. गळपट्टाही कातडी न घेता सुती किंवा नायलॉनचा घ्यावा.

एक पळवाट मात्र अनेक घरांत दिसते. घरात शुद्ध शाकाहार आणि मागच्या दाराने गड्याकरवी कुत्र्याला मटणाचे तुकडे, त्याचा खर्च पेढीच्या किरकोळ खात्यात! यापेक्षा पिल्लू न आणणे शतपटीने बरे. आपल्या नियमात त्याला नीट वाढविणे शक्य नाही असे पशुवैद्याने सांगितल्यास तो बेत सोडून द्यावा.

रात्रिभोजनत्यागाची अडचण वाटते तितकी मोठी नाही. दोन महिन्यांच्या पिल्लाला दिवसातून चार वेळा खायला लागते. पहिले सकाळी आणि चौथे सूर्यास्तापूर्वी घरच्यांबरोबर, असे वेळापत्रक सहज बसते. उलट शेवटचे खाणे लवकर झाले की रात्री घाण कमी होते. पाण्याचे भांडे मात्र रात्रीही भरलेले असावे. चौविहार माणसाने घेतलेला असतो, त्या जिवाने नव्हे.

कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्तातील तांबड्या पेशी नष्ट करतात, तेव्हा या बाबतीत आपले स्वयंपाकघर आधीच सुरक्षित आहे. धोका वेगळ्याच डब्यात असतो. सांगली-तासगावचा बेदाणा देशभर जातो, आणि या भागात असे व्यापारी घर विरळा जेथे पाहुण्यांपुढे बेदाण्याची बशी येत नाही. द्राक्षे आणि बेदाणे कुत्र्याचे मूत्रपिंड निकामी करू शकतात. किती खाल्ल्यास चालते याचे सुरक्षित माप नाही, काहींना थोडेसेही बाधते. आधी उलट्या होतात, मग एकदोन दिवसांत लघवी बंद होते. नमुन्याच्या पिशव्या घरात आणून कोपऱ्यात ठेवण्याची सवय ज्यांना आहे, त्यांनी पिल्लाआधी उंच फडताळ करून घ्यावे. चॉकलेट, साड्यांतील डांबराच्या गोळ्या आणि गोदामातील धान्याला लावण्याच्या विषारी गोळ्या यांचेही तसेच. धुरी दिलेल्या गोदामात पिल्लू नेणे म्हणजे त्याला मृत्यूच्या दारात उभे करणे. साताऱ्याहून आलेले पाहुणे प्रेमाने कंदी पेढा भरवू लागतील, त्यांनाही नम्रपणे थांबवावे.

सर्वांत नाजूक प्रश्न जंताच्या औषधाचा. पिल्लाच्या पोटात बहुधा जंत असतातच आणि औषधाने ते मरतात. व्रती माणसाला याचा संकोच वाटणे स्वाभाविक आहे आणि तो संकोच आदराने ऐकावा. परंतु गृहस्थाकडून प्रथम संकल्पी हिंसेचा त्याग अपेक्षिला आहे. आश्रितावर उपचार करताना घडते ती मारण्याच्या हेतूने केलेली हिंसा नव्हे, असे म्हणावयास जागा आहे. शिवाय हे जंत अंगणात खेळणाऱ्या मुलांच्याही पोटात जाऊ शकतात. शंका उरल्यास मुनिमहाराजांना वा जाणत्या पंडितांना विचारावे, पण पिल्लू येण्याआधी. लसीचे मात्र दुमत नको. सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू करून सोळा आठवड्यांपर्यंत तीन-चार आठवड्यांच्या अंतराने पार्व्हो आदी रोगांची लस आणि तीन महिन्यांचे झाल्यावर रेबीजची लस, पुढे पशुवैद्य सांगेल त्याप्रमाणे. लशी पुऱ्या होईपर्यंत त्याला रस्त्यावर उतरवू नये. तारखा पेढीच्या रोजमेळाच्या पहिल्या पानावर लिहिल्या तर मुनीमही आठवण करून देतो.

बाकीचे सामान थोडे. जड बुडाची स्टीलची दोन भांडी, जुन्या सतरंजीचे वा गोणपाटाचे अंथरूण, रद्दी, जिन्याच्या तोंडाशी आडवी फळी. जेथे मुनींच्या आहारासाठी चौका लागतो, तेथे त्या दिवसांसाठी गच्चीवरची किंवा शेजारची सावलीची जागा आधीच नक्की असावी. पण साखळी नको. दुकानाच्या पायरीशी दिवसभर बांधून ठेवलेला कुत्रा हा बंध या अतिचाराचा चालताबोलता नमुना आहे. शेपूट वा कान कापून आणण्याचा विचार कोणी सुचविल्यास त्याला छेदाचा अर्थ सांगावा.

कुत्रे दहा ते चौदा वर्षे जगते. आठवीतली नात पदवी घेऊन सासरी जाते, कुत्रा मात्र घरातच असतो. म्हणून पिल्लू नातीचे, हे म्हणणे हिशेबाला धरून नाही. शिखरजीची वा श्रवणबेळगोळची यात्रा निघेल तेव्हा मागे कोण राहणार, दिवाळीत लक्ष्मीपूजनाच्या रात्री फटाक्यांनी ते थरथरू लागेल तेव्हा जवळ कोण बसणार, ही नावे आधी ठरवून घ्यावीत.

पहिल्या आठ-दहा रात्री पिल्लू आईच्या आठवणीने रडते. त्याला स्वयंपाकघराबाहेर पण माणसाच्या अंथरुणाजवळ, खोक्यात ठेवावे. पहाटे त्याला बाहेर नेणारे कोणी लागते. तरुण मंडळी त्या वेळी गाढ झोपेत असतात. सामायिकासाठी चारला उठणारे घरात एकटे आजोबाच असतात, तेव्हा त्यांचा होकार मनापासूनचा असावा.