तांबडा गाळ आणि कृष्णेचें पाणी

कृष्णाकांठच्या घरांतून पाण्याचा विषय निघाला म्हणजे तो गाळणें, उकळणें आणि तुरटी फिरविणें यांपलीकडे सहसा जात नाहीं. परंतु तापांत घेतलेल्या प्रतिजैविक औषधाचा बराच भाग शरीरांत न जिरतां बाहेर पडतो. अमॉक्सिसिलिन तर निम्म्याहून अधिक जसेंच्या तसें. उकळल्यानें अशीं सर्वच औषधें नष्ट होत नाहींत, आणि सांडपाण्याच्या नेहमींच्या शुद्धीकरणांतूनहि कांहीं अंश निसटतो. (उरलेल्या गोळ्या मोरींत टाकणारीं घरें त्यांत भरच घालतात.) मात्रा अल्प असली तरी तिच्यावरच जंतु औषधाला सरावतात, आणि मग मिरजेच्या इस्पितळांत डॉक्टरांच्या हातचें औषध लागू पडेनासें होतें.

यावरील एक उपाय आपल्याच डोंगरमाथ्यांशीं नातें सांगतो. सह्याद्रीवरील जांभ्याच्या थरांत बॉक्साइट असतें. कोल्हापूर जिल्ह्यांतील बॉक्साइट बेळगांवच्या कारखान्यांत जातें. त्यांतून ॲल्युमिना काढल्यावर तांबडा गाळ उरतो, टनामागें टन, कधीं दीडपटहि. हंगेरींत आयका येथें ४ ऑक्टोबर २०१० रोजीं अशा गाळाचा बांध फुटून दहा माणसें दगावलीं.

गाळाची तांबडी छटा लोहाच्या गंजाची. उसाच्या चिपाडासारख्या काडीकचऱ्याबरोबर, हवा न लागूं देतां, तो तापविला म्हणजे त्यांतील लोह चुंबकाला चिकटणारें होतें. ही भुकटी दूषित पाण्यांत टाकून थोडें हायड्रोजन पेरॉक्साइड, म्हणजे जखम धुण्याचें तें फेसाळ औषध, घातलें कीं अतिशय उग्र कण उपजतात आणि प्रतिजैविकाचा रेणु फोडतात. लोह व पेरॉक्साइड यांची ही जोडी फेंटन यांनीं १८९४ सालीं प्रसिद्ध केली. काम उरकल्यावर भुकटी चुंबकानें ओढून घ्यावयाची आणि पुन्हां वापरावयाची. चुंबकत्वाचा खरा लाभ तो हाच.

प्रयोगशाळेंत टेट्रासायक्लिनसारख्या औषधांवर हें साधलें आहे. तरीहि आम्ही हुरळून जाण्यास तयार नाहीं. या गाळांत क्रोमियम, व्हॅनेडियम हीं द्रव्येंहि असतात. आम्लयुक्त पाण्यांत तीं सुटून येऊं शकतात. प्रतिजैविक गेलें आणि क्रोमियम आलें, हा सौदा कोणास हवा? शिवाय खऱ्या सांडपाण्यांतली इतर घाणच पुष्कळसें पेरॉक्साइड खाऊन टाकते. म्हणून भुकटी नदींत टाकण्याची गोष्टच नको. एखाद्या मोठ्या इस्पितळाच्या सांडपाण्याच्या टाकीवर ती वर्षभर चालवावी, आणि बाहेर पडणाऱ्या पाण्यांत औषध व क्रोमियम दोन्ही मोजावींत.