एका पाकिटात दोन पट्ट्या द्या

प्रति,
मा. औषध महानियंत्रक, नवी दिल्ली,
मा. आयुक्त, आरोग्य सेवा, महाराष्ट्र राज्य,
आणि प्रेग्नन्सी किट बनवणाऱ्या कंपन्यांचे संचालक यांस,



उपकेंद्रात आरोग्य सेविका म्हणून माझी नोकरी झाली. आता निवृत्त आहे, त्यामुळे हे पत्र कुणाच्या सहीशिक्क्याविना लिहिता येतं.

किटच्या पाकिटावर ठळक अक्षरांत ‘९९ टक्के अचूक’ छापलेलं असतं. आकडा खोटा आहे असं मी म्हणत नाही. प्रयोगशाळेत, ठरावीक प्रमाणात हार्मोन असलेल्या नमुन्यावर पट्टी तपासली तर तो खरा ठरतही असेल. पण ते पाकीट फोडणारी बाई प्रयोगशाळेत नसते. पाळीची तारीख टळल्यावर दुसऱ्या दिवशी पहाटे, घरातलं कुणी उठायच्या आत, ती न्हाणीघरात कडी लावून उभी असते. ९९ टक्के म्हणजे आज, आत्ता, माझ्याबाबतीत, असंच ती वाचते. तसं वाचू नये हे सांगणारा मजकूर आत घडी घातलेल्या कागदावर असतो, मुंगीएवढ्या अक्षरांत आणि बहुधा इंग्रजीत.

स्त्रीबीज बाहेर पडल्यापासून गर्भ रुजेपर्यंत साधारण सहा ते बारा दिवस जातात. रुजल्याशिवाय एचसीजी हे हार्मोन लघवीत येत नाही. आलं की सुरुवातीला दोन-तीन दिवसांत दुप्पट होत जातं. बऱ्याचशा पट्ट्या मिलिलिटरमागे २५ मिलियुनिटच्या आसपास रेघ दाखवतात. आता दोन बायका घ्या, दोघींची पाळी अगदी २८ दिवसांची. एकीचा गर्भ आठव्या दिवशी रुजला, तिला तारखेपर्यंत सहा दिवस मिळाले. दुसरीचा बाराव्या दिवशी, तिला दोनच. पहिलीला दोन रेघा दिसतील, दुसरीला बहुतेक एकच. दिवस दोघींनाही गेलेले आहेत.

हे माझ्या मनाचं नाही. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनात बायकांच्या रोजच्या लघवीचे नमुने तपासून अ‍ॅलन विल्कॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली निष्कर्ष मांडला, की पाळी चुकण्याच्या पहिल्या दिवशी सुमारे १० टक्के गरोदरपणांत गर्भ रुजलेलाच नसतो. पट्टी कितीही तल्लख करा, जे लघवीत उतरलेलंच नाही ते ती दाखवणार कुठून? आणि मग त्या दिवसासाठी ९९ चा आकडा टिकतो कसा? २००४ साली लॉरेन्स कोल यांनी तिथल्याच बाजारातली किट तपासली. पाळी चुकल्याच्या दिवशी ९५ टक्के गरोदरपणं ओळखायची तर पट्टीला १२.५ मिलियुनिट दिसायला हवेत, असं त्यांना आढळलं. तेवढी नजर एकाच ब्रँडला होती.

शिवाय ‘पाळी चुकली’ ही तारीख तरी कुठे पक्की असते? ताप आला, जागरणं झाली, पीसीओडी असलं, की बीज उशिरा सुटतं आणि सगळा हिशोब आठ-दहा दिवस पुढे सरकतो. अंगावर पाजणाऱ्या बाईचं तर विचारूच नका. बाळंतपणानंतर जिची पाळी अजून आलेलीच नाही, तिची चुकणार काय? अशा बायका पाचव्या महिन्यात पोट दिसू लागल्यावर उपकेंद्रात आलेल्या मी पाहिल्या आहेत. त्यातल्या काहींनी किट वापरलंही होतं. एकदाच.

खरी अडचण या ‘एकदाच’ची आहे. एक रेघ दिसली की बाई विषय संपवते. फिटच्या गोळ्या चालू असतील तर चालूच राहतात. त्यात व्हॅल्प्रोएट असेल तर पहिल्या आठवड्यांतच गर्भाच्या मज्जारज्जूला धोका असतो, आणि ती गोळी आपल्या मनाने बंद करणंही धोक्याचं, डॉक्टरला विचारूनच बदलावी लागते. विचारायला आधी कळायला तर हवं! फॉलिक अ‍ॅसिडचे मोलाचे दिवस जातात. मूल नको असलेल्या बाईचं गणित आणखी कडक आहे. गर्भपात कायद्याच्या २०२१ च्या नियमांनुसार गोळ्यांनी गर्भपात नऊ आठवड्यांपर्यंतच करता येतो, आणि हे आठवडे शेवटच्या पाळीपासून मोजतात. म्हणजे पाळी चुकते तेव्हाच चार संपलेले असतात. ‘नाही’वर विसंबून पुढच्या पाळीची वाट पाहिली की आठ. उरला एक, त्यात तालुक्याची एसटी, सोनोग्राफीचा नंबर आणि घरच्यांना काय सांगायचं हा प्रश्न.

पट्टी उशिरा वाचणं हा आणखी एक घोळ. पाच मिनिटांत वाचा असं लिहिलेलं असतं. पण कागदात गुंडाळून कचऱ्यात टाकलेली पट्टी बाई दुपारी पुन्हा काढते, खिडकीशी धरून तिरकी करून बघते, आणि लघवी वाळून उमटलेली राखाडी रेघ तिला दिसते. मूल हवं असलेल्या बाईने त्या रेघेवर काय काय उभं केलेलं असतं, ते मी इथे लिहीत नाही.

साठवणुकीचं घ्या. पाकिटावर ३० अंशांची मर्यादा असते. मे महिन्यात चंद्रपूर, अकोल्याचा पारा ४५ पर्यंत जातो. पत्र्याच्या छपराचं मेडिकल, आशाताईंची खांद्यावरची पिशवी, उपकेंद्रातलं लोखंडी कपाट, यातलं काहीही ३० अंशांच्या आत राहत नाही. लोक म्हणतात, ‘सी’ची रेघ आली म्हणजे पट्टी चांगली. ती रेघ फक्त लघवी पट्टीभर पोचल्याची खूण आहे. ‘टी’वरची, म्हणजे निकालाच्या रेघेवरची, प्रतिपिंडं उन्हाने मंदावली असतील तर ‘सी’ ते सांगणार नाही.

क्वचित हार्मोन फार झाल्यानेही पट्टी चुकते. दोन-तीन महिने झाल्यावर हार्मोन इतकं वाढतं की पट्टीच गोंधळते आणि एकच रेघ उमटते. हे किती डॉक्टरांना आठवतं, देव जाणे.

माझं मागणं फार मोठं नाही. कंपन्यांनी एका पाकिटात दोन पट्ट्या घालाव्यात, दुसरीवर ‘आठ दिवसांनी’ असं छापून. खर्चाची सबब सांगू नये; पन्नास-साठ रुपयांच्या पाकिटात पट्टीपेक्षा खोका आणि जाहिरातच महाग असते, असा माझा समज आहे. महानियंत्रकांनी ९९ टक्क्यांसोबत तो कोणत्या दिवसाचा आकडा आहे हे तेवढ्याच ठळक अक्षरात, मराठीतही, छापायला लावावं. ‘एक रेघ आली आणि पाळी आली नाही तर पुन्हा तपासा. पोटात एका बाजूला दुखत असेल किंवा चक्कर येत असेल तर पट्टी काहीही म्हणो, दवाखाना गाठा’ एवढी दोन वाक्यं पुरेत. गर्भ नळीत राहिला असेल तर त्या दुसऱ्या वाक्याने जीव वाचेल.

आयुक्तसाहेब, ‘निश्चय’ किट आशाताई फुकट देतात, ही चांगलीच गोष्ट आहे. पण दोन रेघा आल्या तर नोंदणी, कार्ड, पुढची भेट असं सगळं ठरलेलं आहे. एक आली तर प्रत्यक्षात फारसं काही होत नाही, असा माझा अनुभव आहे. त्या बाईकडे आठवड्याने परत जायचं, दुसरी पट्टी द्यायची, आणि त्या भेटीचाही मोबदला आशाताईंना मिळायचा, असा आदेश काढा. आणि अन्न व औषध प्रशासनाला सांगून विदर्भातल्या दुकानांतून व उपकेंद्रांतून ऐन मे महिन्यात किट उचला, २५ मिलियुनिटला त्यांची रेघ उमटते का ते तपासून घ्या, आणि निकाल बॅच नंबरसकट जाहीर करा.

कळावे,
आपली,
एक निवृत्त आरोग्य सेविका