चौदा स्वप्नांच्या वहीत बाजारची चमक कशाला?



पर्युषण जवळ आले की पाठशाळेच्या मुलांना स्क्रॅपबुक करायला सांगतात. त्रिशलामातेची १४ स्वप्ने, नाहीतर भगवान महावीरांचे जीवन, नाहीतर एखाद्या तीर्थाची माहिती. विषय छान असतात. मला बोलायचे आहे ते सजावटीबद्दल. त्र्यंबकहून नाशिकला मेनरोडला जायचे आणि स्टिकरची पाने, फोमची फुले, चमकीच्या ट्यूब, खोटे मोती घेऊन यायचे. एका वहीवर दोन-तीनशे रुपये सहज जातात. घरात दोन मुले असली की दुप्पट.

माझे मत सरळ आहे. पाठशाळेच्या स्क्रॅपबुकमध्ये विकतची सजावट एकही नको. घरातल्या पुठ्ठ्यातून जेवढे होईल तेवढेच. आणि हे संघाने नियम म्हणून ठरवावे, ज्याच्या-त्याच्या मर्जीवर सोडू नये.

मर्जीवर सोडले की काय होते ते सांगते. ज्या घरी ओढाताण आहे तीच आई पुठ्ठा वापरते आणि तिच्या मुलाची वही बाकीच्यांच्या शेजारी फिकी दिसते. आपल्याकडे असे कोणी बोलून दाखवत नाही. "यंदा त्याला बरे नव्हते" म्हणायचे आणि मूल भाग घेत नाही, एवढेच. गेल्या चातुर्मासात एका मुलीचे असे झाले. तिची आई साड्यांचे फॉल-पिको करते. मुलीला चौदाही स्वप्ने क्रमाने पाठ होती, अर्थासकट. वही नव्हती म्हणून ती स्पर्धेत नव्हती. अपरिग्रहावर चित्रे काढायची आणि ती चित्रे कोण काढणार हे खरेदीवर ठरायचे, हे काही मला पटत नाही.

शिवाय दुकानात मिळते तरी काय? फुलपाखरे, केक, पंख असलेले घोडे, इंग्रजी अक्षरे. निर्धूम अग्नीचा स्टिकर कुठे मिळतो? पद्मसरोवर? आपल्या नाशिकच्या वाटेवरच्या अंजनेरीला जुन्या जैन मंदिरांचे अवशेष आहेत, आणि तिथल्या शिलालेखात शके १०६३ मध्ये चंद्रप्रभ तीर्थंकरांच्या मंदिराला दुकाने दान दिल्याची नोंद आहे. त्या मंदिराचे चित्र कोणती कंपनी छापणार? ते मुलाने स्वतःच कापायला हवे.

आता पुठ्ठ्याचे. सगळ्यात उत्तम पुठ्ठा नव्या साडीच्या घडीत असतो. पातळ, ताठ, एका बाजूने पांढरा, मुलांच्या कात्रीने कापला जातो. शर्टातला तसाच. लिहायच्या पॅडच्या मागचा राखी पुठ्ठा जाड असतो, तो कलश आणि हत्तीसाठी. पण कापायला मोठ्या माणसाने बसावे. किराण्याच्या खोक्याचा नालीदार पुठ्ठा मला सर्वांत आवडतो. गाळलेल्या पाण्यात कापड बुडवून घट्ट पिळायचे आणि वरच्या कागदावरून एकदा फिरवायचे. पाच मिनिटांत वरचा कागद सोलून निघतो आणि आतल्या नाल्या मोकळ्या होतात. आडव्या लावल्या की क्षीरसमुद्राच्या लाटा, उभ्या लावल्या की मंदिराचे शिखर. वर्षीतपाच्या पारण्याचे पान करायचे असेल तर त्याच नाल्यांचा ऊस होतो. रंगाला हळद, गेरू, चहाचे पाणी. चहाच्या पाण्याने पांढऱ्या पुठ्ठ्याला जुन्या पोथीसारखा रंग येतो. चमक हवीच असेल तर मिठाईच्या खोक्याच्या झाकणाला आतून सोनेरी कागद असतो, सूर्याला आणि रत्नराशीला तेवढा पुरतो. तळाचा घेऊ नका, त्याला तूप लागलेले असते आणि तूप म्हणजे मुंग्या.

गोळा करायचे ते पावसाच्या आधी. आपल्याकडचा पाऊस तुम्हाला माहीत आहे. श्रावणात तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीची फेरी असते, तेव्हा दुकानांबाहेर रिकाम्या खोक्यांचे ढीग पडतात, पण ते भिजलेले. ओलसर पुठ्ठ्यावर दोन दिवसांत लीलण-फूलण धरते. तो घरात आणला की त्याला हात लावायची सोय नाही आणि फेकायचीही पंचाईत. म्हणून वैशाखात गोळा करा, उन्हात ठेवा, खोक्याच्या कडा आणि नाल्या पूंजणीने हलक्या हाताने पाहून घ्या. नाल्यांत बारीक जीव बसलेले असतात. जयणा तिथूनच सुरू होते.

चिकटवायच्या बाबतीत मात्र मला जरा थांबायचे आहे, कारण यावर कोणी बोलतच नाही. सरस म्हणजे जनावरांची कातडी आणि हाडे उकळून केलेला डिंक. सुतार पूर्वी तोच गरम करून वापरत. १९५९ मध्ये मुंबईत फेव्हिकॉल आले, ते कृत्रिम पांढरे चिकट द्रव्य आहे. पुढे सरसाची गरजच कमी होत गेली. तरी सुटा सरस अजून मिळतो, तेव्हा विचारून घ्या. घरची मैद्याची खळ स्वस्त आणि निर्दोष वाटते, पण ती त्या दिवसापुरतीच. रात्र उलटली की आंबते, मग तिच्यात जीवोत्पत्ती आलीच. पुस्तके बांधणारे खळीला कीड लागू नये म्हणून मोरचूद घालतात. म्हणजे कीड मरावी म्हणून विष! ते आपल्या घरी नको. आणि खळ पातळ, एका थराची लावा. जाड थर आत ओला राहतो आणि पुढच्या वर्षी वहीला कसर लागते. मी स्वतः लहान तुकड्यांना पांढरे फेव्हिकॉल थेंबभर वापरते, मोठ्यांना सुईदोरा. दोन टाके घातले की पुठ्ठ्याचे फूल दहा वर्षे हलत नाही.

एक आक्षेप आमच्याच जाऊबाईंनी घेतला. भगवंतांच्या पानावर कचऱ्यातली वस्तू लावायची, ही आशातना नाही का? प्रश्न चांगला आहे आणि त्याचे अर्धे उत्तर "हो" असेच आहे. चपलेचे खोके नकोच, आत चामडे होते. बाहेरचे, कशाचे होते ते ठाऊक नसलेले खोके नको. लग्नपत्रिकांचा कागद सुंदर असतो, पण वर नवकार मंत्र किंवा देवाचे चित्र असले तर त्यावर कात्री चालवू नये. अक्षरांवर पाय पडू नये, ज्ञानाची आशातना होऊ नये, हे आपण मुलांना ज्ञानपंचमीला शिकवतो; मग त्याच अक्षरांच्या पताका कापायच्या? पत्रिकेचा कोरा मागचा भाग आणि पाकीट तेवढे घ्या.

उरलेले अर्धे उत्तर असे, की पुठ्ठा आपल्याला नवा नाही. जुन्या ग्रंथभांडारांतून पोथ्यांना लाकडी पाट्या असत, तशीच कागदावर कागद चिकटवून केलेली पुठ्ठ्याची आवरणेही असत. ज्या वस्तूने आगम सांभाळले ती मुलाच्या वहीत बसली तर बिघडले काय? सजावटीच्या थर्माकोलवर तर राज्य सरकारने २०१८ मध्येच बंदी घातली. चमकी आणि फोम हे त्याचेच धाकटे भाऊ. वही रद्दीत गेली तर पुठ्ठा मातीत मिसळतो, चमकी गटारातून गोदावरीत जाते. आणि गोदावरी तर इथूनच निघते.

फुकटात होते म्हणून सोपे आहे असे मात्र मी म्हणणार नाही. वेळ लागतो. तो वेळ आईने द्यायचा आणि वही आईनेच करायची, असे झाले तर काहीच मिळवले नाही. हत्ती वाकडा असू दे. परीक्षकांना माझी विनंती आहे की वही हातात घेण्याआधी मुलाला उभे करून विचारा, हे स्वप्न कितवे आणि त्याचा अर्थ काय. गुण त्यावर द्या. महासतीजींपुढे हा विषय आम्ही चारजणी चातुर्मास प्रवेशानंतर मांडणार आहोत, ज्यांना यायचे त्यांनी जरूर या.

तोपर्यंत माझ्या ओसरीवर, कोरड्या कोपऱ्यात, एक मोठे खोके ठेवले आहे. साडीतले, शर्टातले पुठ्ठे त्यात आणून टाका. ओले नकोत. ज्यांच्याकडे पुठ्ठा नाही त्यांनी त्यातून न विचारता न्यावा.