शाळा वाचवू, पण वर्गातले मूल बोलते का?

सीमाभागात मराठी शाळेचा विषय निघाला की आपण आधी परिपत्रकांवर बोलतो, मग फलकांवर, मग रखडलेल्या शिक्षकभरतीवर. त्यात चुकीचे काही नाही. मात्र शाळेचे दार लोटून आत गेल्यावर काय दिसते, याविषयी आपल्या सभांत फारसे कोणी बोलत नाही. मी पंधराएक वर्षे शिकवते आहे. त्या दाराच्या आतले जे थोडेफार मला कळले, त्याची सुरुवात आपल्या मुलखात नव्हे, बडोद्यात झाली.

माझे गाव खानापूर तालुक्यात. मामा नोकरीनिमित्त बडोद्यात स्थायिक झालेले, म्हणून शिक्षक प्रशिक्षणासाठी मी तिकडे गेले. स्टेशनबाहेर पडले की सयाजीगंज लागते; पुढे विद्यापीठ, जुन्या बडोदा कॉलेजचा तो प्रचंड घुमट आणि कमाटीबाग. सरावपाठांसाठी मराठी वर्ग थोडे आणि प्रशिक्षणार्थी अधिक, त्यामुळे माझ्या वाट्याला तिथल्याच एका प्राथमिक शाळेतली गुजराती चौथी आली. मुले ४२. माझे गुजराती भाजी घेण्यापुरते.

खरे सांगायचे तर गटाध्यापन मी तत्त्व म्हणून निवडलेच नाही. पस्तीस मिनिटे सलग गुजराती बोलणे मला झेपणारे नव्हते. सहा-सहा मुलांचे सात गट करावेत, अपूर्णांकासाठी कागदाच्या पट्ट्या द्याव्यात, म्हणजे बोलायचे काम आपोआप मुलांकडे जाईल, एवढाच माझा हिशेब.

पहिल्या दिवशी त्याचा पुरता विचका झाला. जी मुले बाकांवर जवळ बसत, त्यांचेच गट केले होते. प्रत्येक गटात एक हुशार मूल सगळ्या पट्ट्या ओढून घेई, दोघे त्याच्या तोंडाकडे पाहत, उरलेले भांडत. निरीक्षकांनी वहीत शेरा मारला : गोंगाट फार, फळ्याचा वापर नाही. शेरा खोटा नव्हता.

त्या वर्गात शेवटच्या ओळीत एक मुलगी बसे. आईवडील धुळ्याकडून बांधकामावर आलेले, घरी अहिराणी. वर्गशिक्षकांनी मला आधीच सांगून ठेवले होते की, तिला काही येत नाही, तिच्यावर वेळ घालवू नका. तीही कधी तोंड उघडत नसे. दुसऱ्या पाठाला मी तिच्या गटाजवळ खाली बसले आणि सहज मराठीत म्हटले, "पाऊण भाकरी दाखव बघू." तिने पट्टीची घडी घातली, पुन्हा घडी घातली, चार तुकडे केले, एक बाजूला सारला आणि उरलेले तीन माझ्यापुढे ठेवले. तिच्या शेजारचा मुलगा ओरडला, "आ तो पोणो!" ती हसली. मग त्या मुलाला सव्वा कसा करायचा ते तिने पट्ट्या मांडून दाखवले, अर्धे मराठीत, अर्धे हातांनी. त्याला कळले. वर्षभर ज्या मुलीला काही येत नाही असे धरून चालले होते, तिचे गणित शाबूत होते. भाषा तेवढी वर्गाबाहेर राहिली होती.

तिसऱ्या पाठापासून मी दोन गोष्टी बदलल्या. गट चिठ्ठ्या टाकून केले, आणि प्रत्येक मुलाच्या हाती कामाचा एकच तुकडा दिला. शेवटी गटातर्फे कोणी बोलायचे, तेही चिठ्ठीने ठरे. त्यामुळे हुशार मुलाला बाकीच्यांना शिकवण्यावाचून गत्यंतर उरले नाही. ही युक्ती माझी नव्हे. अमेरिकेत टेक्सासमधील ऑस्टिन शहरात १९७१ साली गोरी, काळी आणि मेक्सिकन वंशाची मुले एका वर्गात आली आणि वर्गात तेढ वाढली, तेव्हा एलियट अ‍ॅरन्सन या मानसशास्त्रज्ञाने धड्याचे तुकडे करून एकेका मुलाला एकेक तुकडा दिला. दुसऱ्याचे ऐकल्याशिवाय धडा पुरा होईना, मग मुले ऐकू लागली. माझ्या वर्गात मात्र त्या दिवशी सातपैकी दोनच गटांचे काम वेळेत आटोपले. गटात शिकवायला वेळ जास्त लागतो, हे लपवण्यात अर्थ नाही.

गावाकडे परतून संस्थेच्या मराठी शाळेत लागले. तिथे याचेच दुसरे रूप पाहायला मिळाले. आपल्या शाळांत आई कन्नड बोलणारी आणि वडील मराठी अशी मुले असतातच. अशाच एका मुलाने पाऊण शब्दाला 'मुक्कालु' म्हटले. वर्ग हसला. मी त्याला अर्थ विचारला. कन्नडात कालु म्हणजे पाव, आणि मुक्कालु म्हणजे तीन पाव. आपला पाऊण म्हणजे पाव उणे. एकाच भाकरीकडे मराठी माणूस काय कमी आहे ते बघतो आणि कन्नड माणूस किती आहे ते मोजतो! त्या तासाला चार वजा एक आणि एक, दोन, तीन या दोन्ही वाटांनी मुले तीन चतुर्थांशावर पोचली. मला एकटीला फळ्यावर हे साधले नसते.

यावर काही मंडळी म्हणतील, बाई, मराठी शाळेत कन्नड शिरू द्यायचे, मग आम्ही लढलो कशासाठी? प्रश्न रास्त आहे. ज्या राजाचे नाव सयाजीगंजला आहे, त्याने १८९३ साली अमरेलीत सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो सबंध संस्थानात लागू केला. राजा मराठी, प्रजा बहुतेक गुजराती, आणि प्रजेच्या शाळा चालल्या गुजरातीतून. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करावी, असे आपल्या घटनेचे कलम ३५०-अ राज्यांना सांगते. त्याआधीच १९४९ च्या शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेने शाळेत ४० किंवा वर्गात १० मुले असली तरी ती सोय करावी असे ठरवले होते. आपली मागणी याच पायावर उभी आहे आणि ती सोडायचे कारण नाही. पण मातृभाषेचा हा न्याय आपण शासनाकडे मागतो, तर वर्गातल्या एका कन्नड बोलणाऱ्या मुलाला तो आपणही दिला पाहिजे. शिवाय मुक्कालु ऐकून कोणाचा पाऊण विसरल्याचे मला आढळलेले नाही.

दुसरे असे की, आपल्या बऱ्याच खेडेगावांतून दोन शिक्षक आणि पाच इयत्ता अशी स्थिती आहे. तिथे गटात शिकवणे हा हौसेचा मामला नाही. एका इयत्तेला फळ्यावर शिकवायचे तर बाकीच्यांनी हाताची घडी घालून बसायचे का? मैसूर जिल्ह्यातील एच. डी. कोटे तालुक्यात १९९५ मध्ये 'नलीकली' सुरू झाली. ऋषी व्हॅलीच्या शाळांवरून घेतलेली ही पद्धत. वेगवेगळ्या इयत्तांची मुले गटागटाने जमिनीवर बसतात, हाती पत्ते घेऊन आपापल्या गतीने पुढे जातात, बाईही त्यांच्यातच बसतात. २००९-१० पासून ती राज्यभर सरकारी कन्नड शाळांत नेण्यात आली. कर्नाटकाची म्हणून ती आपण नाकारायची, की आपल्या भाकरीच्या आणि बैलपोळ्याच्या शब्दांत तिचे पत्ते तयार करायचे? माझे मत दुसऱ्या बाजूला आहे. इंग्रजी शाळेच्या बसमध्ये मुलाला बसवणाऱ्या बापाला अस्मितेचे भाषण ऐकवून काही होत नाही. आपले मूल इथे बोलते, विचारते, हे त्याला दिसावे लागते.

२०१८ साली बडोद्याला साहित्य संमेलन भरले, तेव्हा त्या चौथीतल्या मुलीची मला आठवण झाली. आता ती कुठे असेल, कोणत्या भाषेत हिशेब करत असेल, कोण जाणे.

आपल्या शाळा सुधारणा समितीच्या सभासदांना एक विनंती आहे. पुढच्या बैठकीआधी एक तास वर्गात मागे बसावे आणि किती मुले एकदा तरी बोलली, तेवढेच कागदावर टिपावे. आमच्या शाळेत गेल्या महिन्यात आम्ही हे करून पाहिले. १९ मुलांपैकी सहा जणांनी तासाभरात तोंड उघडले नव्हते. वर्ग माझाच होता.